पाचाचा कप्पा

मी एक जुनी, फणसाच्या लाकडाची, तीन कप्प्यांची पेटी आहे. मला झाकण नाही, कुलूपही नाही. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसले की जो तो आधी आपला मोठेपणा सांगतो. मीही सांगणार आहे, कारण तो सांगायला मला फार आवडतो; पण पुढे एके ठिकाणी मला मान खाली घालावी लागणार आहे. पेटीला मान नसते हे मला ठाऊक आहे. लाज मात्र असते, आणि ती माझ्या मधल्या कप्प्यात घर करून बसली आहे.

माझा जन्म लिपा शहराच्या कडेला एका सुताराकडे झाला. त्याचा धंदा शवपेट्यांचा. एक आजीबाई मापापेक्षा बुटक्या निघाल्या, म्हणून त्यांच्या पेटीची फळी उरली. ती उरलेली फळी म्हणजे मी. त्याच सुमारास बास्ते नावाचा जीपनीवाला, म्हणजे लांबट जीपसारखी प्रवासी गाडी चालवणारा, मजुरीपोटी कॉफीच्या बियांची पिशवी घेऊन सुताराकडे आला आणि म्हणाला, "सुट्या पैशांसाठी पेटी करून दे. एकाचा कप्पा, पाचाचा कप्पा, दहाचा कप्पा. आणि तळाला काहीतरी मऊ लाव बाबा, दिवसभर खुळखुळाट ऐकून डोकं उठतं."

सुताराने झिजलेल्या रबरी चपला कापून माझ्या तळाला चिकटवल्या. म्हणजे वरून मी शवपेटीची आणि खालून चपलेची. या कुळाचा मला कधी कमीपणा वाटला नाही. काम करणाऱ्याचे कूळ कोण विचारतो?

जीपनीत माझी जागा बास्तेच्या उजव्या हाताला, गियरच्या दांड्याजवळ होती. आमच्याकडे भाडे गोळा करायला वेगळा माणूस नसतो. लोक मागच्या दाराने चढतात, दोन लांब बाकांवर समोरासमोर बसतात, आणि "बायाद पो!" म्हणजे "भाडं घ्या हो!" असे म्हणून पैसे शेजाऱ्याच्या हातात देतात. शेजारी पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. असे करत नाणे ड्रायव्हरपर्यंत येते आणि उरलेले पैसे त्याच वाटेने परत जातात. अनोळखी माणसांच्या हातांतून पैसा जातो आणि वाटेत एक पेसो, म्हणजे आमच्या देशातला रुपया, गळत नाही. त्या हातांच्या साखळीचे पुढचे टोक मी होते. याचा मला किती अभिमान वाटत असेल याची तुम्हीच कल्पना करा.

बास्ते कधी माझ्याकडे बघत नसे. डोळे रस्त्यावर, डाव्या हातात चाक, आणि उजव्या हाताची बोटे माझ्या कप्प्यांत. एकाचे नाणे पांढरे आणि लहान, पाचाचे सोनेरी आणि जाडजूड. बोट लागताच त्याला कळायचे. "माझ्या बोटांना डोळे आहेत," असे तो म्हणे, आणि प्रवासी मान डोलावत. वर्षे गेली, बास्तेचा मानोंग बास्ते, म्हणजे बास्तेदादा, झाला, केस पांढरे झाले, तरी त्याच्याकडून कमी पैसे आले असे कुणी म्हटले नाही.

मग बास्तेची नात लेनलेन शाळेत जाऊ लागली. तिचे खरे नाव मादलेना, पण ते फक्त हजेरीत. तिची आई दूरच्या शहरात कापडाच्या कारखान्यात होती, म्हणून लेनलेन आजी-आजोबांकडे राहायची. आजोबांना ती लोलो म्हणे आणि आजीला लोला. एकदा शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला की पोरीला नाणी मोजता येत नाहीत, घरी सराव करून घ्या.

ते खरेच होते. तिला पाचाची दोन नाणी आणि एकाची तीन नाणी दिली की ती बोट ठेवून मोजायची, "एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पेसो!" तिच्या लेखी नाणे म्हणजे नाणे. कुणाची किंमत जास्त, कुणाची कमी, हा भेद तिला मान्यच नव्हता.

लोला इस्का हसून म्हणाली, "हिला दुकानात बसवलं तर महिन्यात दुकान बंद."

"तू गप गं," लोलो म्हणाला. "मी शिकवतो."

त्या दिवसापासून जीपनी अंगणात लागली की मला घरात नेऊ लागले. जेवणाच्या टेबलावर मी, एका बाजूला लोलो, दुसऱ्या बाजूला लेनलेन. तो तिच्यापुढे एक सोनेरी पाच ठेवी आणि म्हणे, "ह्याच्या पोटात एकाची किती पोरं आहेत, शोध." ती त्याच्यासमोर एकाची नाणी ओळीने मांडी. मग दोन पाच आणि एक दहा, समोरासमोर. ती चुकली की तो रागवत नसे. तिने मांडलेली ओळ बोटाने थोडी सरकवून तिच्याकडे बघत राही. ती जीभ बाहेर काढून विचार करी. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कुठले असे विचाराल तर ते हेच. दिवसभराचा पैसा माझ्यात असायचा, पण संध्याकाळी तो खेळ व्हायचा.

हळूहळू तिला जमू लागले. ती आमच्याकडच्या रीतीप्रमाणे भातावर कॉफी ओतून खाता खाता डाव्या हाताने नाणी लावायची. शाळेत बाईंनी तिला फळ्यापुढे उभे करून सगळ्यांना मोजून दाखवायला सांगितले.

आणि मग सरकारने पाचाचे नवे नाणे काढले. सोनेरी रंग गेला. नवा पाच पांढरा, गोल, आणि आकाराने एकाच्या नाण्याएवढाच वाटणारा. शेजारी शेजारी धरले तर तो केसभर मोठा आहे, पण चालत्या गाडीत शेजारी शेजारी कोण धरतो? बाजारात सगळेच फसत होते आणि सरकारच्या नावाने बोटे मोडत होते. पण लोक एकदा फसले की नाणे डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि पुढच्या वेळी सावध राहत. मानोंग बास्तेला ते जमत नव्हते. त्याला लांबचे झाडावरचे पाखरू दिसायचे, पण तळहातावरचे नाणे नुसता पांढरा डाग व्हायचे. बोटांचे डोळे नव्या पाचाने काढून घेतले, आणि खऱ्या डोळ्यांना चाळिशी लागून कितीतरी वर्षे झाली होती.

"चष्मा घे," लोला म्हणायची. "बाजारात दोरीला टांगलेले असतात, केळ्यांसारखे."

"चष्मेवाल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल? म्हातारा झालो असं पाटीवर लिहू का?"

"पाटी कशाला, तुझं तोंड आहे ना."

तो हसण्यावारी नेई. पण संध्याकाळी लेनलेन माझा मधला कप्पा उपसून एकाची नाणी वेगळी काढी आणि म्हणे, "लोलो, हे पाचात कसे आले? हे एक आहेत."

पहिल्यांदा तो थबकला. मग तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "शाब्बास! तुझी परीक्षा बघत होतो."

ती खुलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दरवेळी परीक्षा, दरवेळी शाब्बास. लोकांना वाटे की आजोबा नातीला शिकवतोय. खरे तर नात रोज आजोबाची पेटी लावून देत होती, आणि ते त्या दोघांपैकी फक्त एकालाच माहीत होते. मला माहीत होते म्हणा, पण मी लाकूड. चुकीचे नाणे माझ्या कप्प्यात पडायचे आणि मी ते निमूट सांभाळायची.

लेनलेन सकाळी शाळेला त्याच जीपनीने जायची. लोलोच्या पाठीमागची बाकावरची पहिली जागा तिची. मागून आलेले भाडे ती पुढे द्यायची आणि उरलेले पैसे मागे. तिला ते काम इतके आवडायचे की कुणी "बायाद पो" म्हणण्याआधीच तिचा हात पुढे असे.

त्या दिवशी गाडी भरलेली होती. दाराजवळ आलिंग सियोन, म्हणजे सियोनमावशी, बसली होती. ती केळीच्या पानात गुंडाळलेला गोड चिकट भात, सुमान, विकायची. तोंडाने फटकळ बाई. तिचे भाडे पंधरा, तिने वीसची नोट दिली. नोट हातोहात पुढे आली. मानोंग बास्तेने माझ्या मधल्या कप्प्यात बोट घातले आणि एक नाणे मागे केले. ते पाचाच्या कप्प्यातले होते, पण ते पाचाचे नव्हते.

लेनलेनने ते पाहिले. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "लोलो, हा एक आहे."

शेजारच्या बाईने मान वळवली. लोलोचे कान लाल झाले. "दे म्हटलं ना मागे!" तो म्हणाला.

तिने नाणे मागे दिले. ते हातोहात दारापर्यंत गेले आणि आलिंग सियोनचा आवाज सगळ्या गाडीत घुमला.

"हे काय? माझ्या पाचाचा एक झाला? वाटेत पिल्लू गळालं का?"

"मानोंग चुकणार नाहीत," कुणीतरी म्हणाले.

"मानोंगना कोण म्हणतंय? त्यांना मी आज ओळखते का? मधल्या हातांचं बोला." मग तिची नजर बाकाच्या पुढच्या टोकाला गेली. "पहिलं कुणाच्या हातात आलं? ए पोरी, खिसे दाखव बघू."

लेनलेनने खिसे बाहेर काढले. उजव्या खिशातून पाचाचे नवे नाणे निघाले. मधल्या सुटीत खायला म्हणून सकाळी लोलाने दिलेले. देताना मी तिथेच टेबलावर होते, आणि लोलोही तिथेच कॉफी पीत होता.

"हा बघा!" आलिंग सियोन म्हणाली. "एवढीशी आहे, पण हात बघा केवढा लांब!"

 लेनलेन फक्त लोलोच्या मानेकडे बघत होती. मित्रांनो, एक वाक्य पुरले असते. "तो पाच तिचाच आहे, चूक माझी आहे." मी त्या माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काढली होती, मला वाटले, आत्ता बोलेल, आत्ता बोलेल. त्याने गियर टाकला. गाडी पुढे निघाली. मागे लेनलेनचा पाच हातोहात दाराकडे गेला आणि एकाचे नाणे हातोहात तिच्याकडे आले.

मला त्या क्षणी परत फळी व्हावेसे वाटले. त्या बुटक्या आजीबाई थोड्या उंच असत्या तर मी जमिनीखाली असते आणि हे बघावे लागले नसते.

संध्याकाळी मला टेबलावर ठेवले. लेनलेन आली, पण बसली नाही.

"लोलो, आज पण परीक्षा होती का?"

तो कपात बघत होता. "हो," तो म्हणाला.

"मग मी पास झाले की नापास?"

तो उठला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. दाणे त्याने आधीच टाकले होते. त्या दिवसानंतर लेनलेन माझ्याजवळ आली नाही. माझ्या कप्प्यांत एक आणि पाच एकमेकांत मिसळून पडून राहिले. जीपनीत ती अजूनही त्याच जागी बसायची, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून. "बायाद पो" म्हणून कुणाचा हात पुढे आला तरी ती हात काढायची नाही. शेवटी समोरच्या बाकावरचे कुणीतरी वाकून पैसे घेई. गाडीत भाडे पुढे न देणे म्हणजे मोठा उद्धटपणा. लोक म्हणत, चोर ती चोर आणि वर शिरजोर.

शाळेतही गोष्ट पोचली. आलिंग सियोनचा नातू तिच्याच वर्गात. "मोजायला शिकली ती ह्याचसाठी!" असे तो म्हणाला, आणि मुले तिच्यापासून आपले खाऊचे पैसे लपवू लागली. हे तिने घरी सांगितले नाही. लोलाला ते बाजारात कळले. ती मिठाची पुडी घेऊन घरी आली आणि पुडी खाली न ठेवताच बोलू लागली.

"बास्ते, लेनलेनच्या खिशात पाच सापडला म्हणे."

"हं."

"तो मी दिला होता. ह्या हातानं. तुझ्यासमोर."

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"मग सियोनला एक कुणी दिला?"

तिने माझ्यातून दोन नाणी उचलली आणि टेबलावर ठेवली. "ह्यातला पाच उचल."

मानोंग बास्तेने दोन्ही नाणी बोटांत फिरवली. कडा चाचपल्या. हात लांब करून बघितले, खिडकीपाशी नेऊन बघितले. घामाने नाणी ओली झाली. शेवटी त्याने एक पुढे केले. ते एकाचे होते.

लोलाचा आवाज एकदम खाली आला. "कधीपासून?"

"नवं नाणं आलं तेव्हापासून." मग तो म्हणाला, "सगळ्या गाडीसमोर कसं सांगू, इस्का? इतकी वर्षं लोक माझ्या बोटांचं कौतुक करतात. माझी लाज गेली असती."

"तुझी जाईल म्हणून तिची घालवलीस?"

एवढे बोलून ती चुलीपाशी गेली. त्या घरात त्या दिवशी कुणी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनी तळावर लागली होती. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे आजूबाजूला इतर ड्रायव्हर गप्पा मारत होते. आलिंग सियोन टोपली मांडीवर घेऊन दाराजवळ बसली होती. लेनलेन तिच्या जागी, हात मांडीखाली. मानोंग बास्तेने मला उचलले, खाली उतरला, आणि मागच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. 

"सियोन, त्या दिवशी तुला पाचाच्या जागी एक मी दिला."

"काय?"

"मला जवळचं दिसत नाही. एक आणि पाच ओळखू येत नाहीत. लेनलेननं मला सांगितलं होतं, हा एक आहे म्हणून. मी तिलाच दटावलं. तिच्या खिशातला पाच तिच्या आजीनं खाऊला दिलेला होता. मला माहीत होतं. आणि मी गाडी पुढे काढली."

गप्पा मारणारे ड्रायव्हर जवळ आले. मग मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "मानोंग, रस्ता तरी दिसतो ना?"

लोक हसले. मानोंग बास्ते वळला. "रस्ता दिसतो. तुझं थोबाडही दिसतंय इथून, काय करणार." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तो परत गाडीकडे वळला आणि नातीकडे बघून म्हणाला, "ती परीक्षा नव्हती, लेनलेन. एकदाही नव्हती. दरवेळी मी चुकत होतो आणि तू बरोबर होतीस."

लेनलेन त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा तसाच घट्ट होता.  आलिंग सियोनने कमरेच्या बटव्यातून पाचाचे नाणे काढले, बाकावरून पुढे सरकत गेली आणि लेनलेनच्या मांडीवर ठेवले. "मीच मेलीनं खिसे उलटे केले पोरीचे," ती म्हणाली. लेनलेनने हात काढले नाहीत. नाणे मांडीवरून घसरून खाली पडले आणि ते उचलायला कुणी वाकले नाही.

त्याच दिवशी मानोंग बास्तेने बाजारातून दोरीला टांगलेला चष्मा घेतला. लोला त्याला बेडूक म्हणाली. तळावरचे ड्रायव्हर त्याला "पाच का एक?" म्हणून चिडवू लागले, आणि तो ते ऐकून घेऊ लागला. प्रवासी कमी झाले नाहीत. ज्या गोष्टीला तो इतका घाबरत होता तिच्यामुळे गाडीतला एक माणूससुद्धा उतरला नाही, हे मला सर्वांत जास्त टोचते.

लेनलेन मात्र आपली जागा सोडून दाराजवळ बसू लागली. तिथे बसले की कुणाचे पैसे पुढे द्यावे लागत नाहीत. घरी ती लोलोशी बोलायची, हसायची, भातावर कॉफी ओतून घ्यायची. पण गाडीत चढली की हात मांडीखाली.

असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी आलिंग सियोन चढली आणि लेनलेनला आत सरकायला लावून स्वतः अगदी दाराशी बसली. तिने वीसची नोट काढली, लेनलेनपुढे धरली आणि म्हणाली, "बायाद, बाळा."

समोरच्या माणसाने घ्यायला हात पुढे केला. आलिंग सियोनने त्याच्याकडे असे बघितले की त्याने तो मागे घेतला. गाडी चालू होती, नोट वाऱ्याने फडफडत होती, बाई काही ती मागे घेईना. मी पुढून सगळे ऐकत होते. मानोंग बास्ते आरशातून बघत होता.

लेनलेनचा एक हात बाहेर आला. नोट पुढे सरकली.

मानोंग बास्तेने गाडी कडेला उभी केली. चष्मा नाकावर नीट बसवला, माझ्या मधल्या कप्प्यातून नाणे निवडले, दोन्ही बाजूंनी बघितले आणि मागे दिले. ते हातोहात गेले आणि लेनलेनपाशी आले. आलिंग सियोनने बटवा उघडून पुढे धरला. "टाक आत. मला बघायचंही नाही."

"बघा," लेनलेन म्हणाली.

"अगं, विश्वास आहे माझा."

"असू दे. बघा."

तिने नाणे बाईच्या डोळ्यांपुढे धरले आणि धरूनच ठेवले. गाडी उभी होती, लोकांना कामावर जायचे होते, पण कुणी हूं की चूं केले नाही. शेवटी आलिंग सियोनने नीट निरखून मोठ्याने म्हटले, "पाच." मगच लेनलेनने ते बटव्यात टाकले.

मित्रांनो, मला तेल लावा, धूळ पुसा, असे मी सांगणार नाही. माझे ते लोला बघते. तुम्ही घरी नाणी मोजायला बसाल तेव्हा मोठ्यांचे चुकले तर लेनलेनसारखे तिथल्या तिथे सांगा. आणि तुम्हीही एक दिवस मोठे व्हाल. तेव्हा समोरचे लहान मूल "हा एक आहे" असे म्हणाले, तर कृपा करून गाडी थांबवा.